हौसा विहिणीच्या दाराची कडी

माझं नाव मथुरा. माहेर मावळातलं, धरणाच्या पल्याडचं, भाताची खाचरं आन दोन म्हशी एवढाच पसारा, बाप गरीब पण तोंडाचा गोड, आन चुलती होती ती तोंडाची लई फाटकी. मला गाणी आली ती चुलतीकडनं. भात लावायला वाकलं की पाठ मोडती, तवा चुलती बांधावरच्या बाप्यांवर असलं काय काय रचायची की बाया चिखलात बसून हसायच्या, आन बापे काय करायचे, मान खाली घालून पुढं जायचे. शाळा मी तिसरीपातूर केली. बाकीचं सगळं चुलतीच्या मागं चिखलात शिकले, त्याचं कुनी सर्टिफिकेट दिलं न्हाई.

लगीन होऊन मारुंजीत आले. मालक पिंपरीला एका कंपनीत हेल्पर, सायकलवर जायचे, पुढं कंपनीची बस आली. आमच्या घरची जमीन आधीच थोडी, त्यामुळं आजूबाजूची लोकं जमिनी इकून गाडीबंगलेवाली झाली तरी आमी व्हतो तिथंच ऱ्हायलो. मालक गेले तवा मंगल, माझी एकुलती एक लेक, दहावीला होती. तवापासनं ताथवड्याला कालेजच्या पोरांची मेस हाय तिथं मी भाकरी थापते. तवा तापला की आजूबाजूचं मला काय ऐकू येत न्हाई, पण त्या दिशी ऐकू आलं. ते सांगते, पण आधी गाण्याचं सांगते, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई.

आमच्यात हळदीच्या दिशी बाया विहिणीवर गाणी म्हणत्यात. नवरीची आई आन नवऱ्याची आई, दोघी समोरासमोर बसायच्या. बापे तिथं येत न्हाईत, आले तर त्यांच्यावर बी गाणं पडतं म्हणून येत न्हाईत. गाणं चावटच पायजे, मिळमिळीत म्हणलं तर विहिणीला राग येतो, मला काय लायकच समजली न्हाई का म्हणती. आता त्यात रीत अशी हाय बगा, आधी बांधायचं आन मग सोडायचं. तीन-चार ओळींत विहिणीला अशी बांधायची की तिला तोंड दाखवायला जागा ठेवायची न्हाई, आन शेवटच्या ओळीत सोडवायची, की अगं बाई, ती तर देवासारखी. त्याला सोडवण म्हणत्यात. सोडवण केली की तिच्या तोंडात साखर घालायची, आन मग तिची पाळी, ती तुमाला बांधणार. चुलती म्हणायची, बांधणं कुनालाबी येतं गं, खरी गायीण सोडवणीत कळती.

मंगलचं लगीन चाकणकडं झालं, जावई एका कंपनीत शिफ्टवर, सासू माझ्याच वयाची, जनावरं राखणारी, शिस्तीची बाई. तिचं खरं नाव मी तुमाला सांगणार न्हाई. हौसा म्हणू, गाण्यात बी तेच घालते. हळदीला हौसाबाई समोर बसल्या, पदर नीट घेतला, आन मी म्हणलं,

हौसा विहिणीच्या दाराची कडी,
रातीच्या पारी कशी गं वाजती?
धनी तर गेला माळाला राखणीला,
मग हौसा कुणाला आत घेती?

बाया नुसत्या लोळल्या. हौसाबाई सुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या, आन मी सोडवण म्हणली,

शेळी व्यायली, दारात आली,
हौसा करडाला ऊब देती.

साखर घातली तोंडात. आता त्यांची पाळी, त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आन त्या टायमाला बाहेरनं त्यो डीजे सुरू झाला, धाडधाड धाडधाड, की भिंतीवरचा फोटू हालाय लागला. कुनी केला? तर तात्याच्या सोन्यानं.

सोन्या म्हंजी आमच्या शेजारच्या तात्याचं पोरगं, सव्वीस-सत्तावीसचं असंल. इंजिनेरिंग अर्धं सोडलं, बापानं जमिनीच्या पैशातनं साऊंड घेऊन दिला, तवापासनं रॅप करतो. रॅप म्हंजी काय तर उभ्या उभ्या भांडल्यागत बोलायचं आन त्याला गाणं म्हणायचं. स्वतःला त्येनं किंग का काय इंग्रजी नाव ठेवलंय, ते माझ्या तोंडात बसत न्हाई आन बसवायचं बी न्हाई. लगनाचा साऊंड त्याचा, म्हणून माईक बी त्याचा, आन बायांच्या मधी त्येनंच आधी माईक आणून ठेवला, म्हणला मावशी, मागच्या बायांना बी ऐकू जाईल. आमच्या बायांचं गाणं तवर कधी माईकवर गेलं न्हवतं. म्या म्हणलं, गुणाचा हाय पोरगा. हौसाबाईंचं उत्तर तसंच घशात ऱ्हायलं, मी त्यांना म्हणलं बी, राहू द्या विहीणबाई, पुढं कधी म्हणा, आन त्या म्हणल्या, म्हणणार तर हायेच.

त्याला वरीस होत आलं. मंगलला दिवस गेले, सगळं सुखाचं. आन मग त्या दिशी मेसमधी पोरं जेवत होती, एकाच्या मोबाईलवर गाणं लागलं, आन माझ्या हातातली भाकरी परातीत तशीच ऱ्हायली. कारण त्यो आवाज माझा होता. हौसा विहिणीच्या दाराची कडी. परत, हौसा विहिणीच्या दाराची कडी. परत तेच. मग कुणाला आत घेती, घेती, घेती, घेती. गाडीचं चाक चिखलात फिरावं तसं तिथल्या तिथं. मी वाट बघत होते, आता शेळी यील, आता शेळी यील. शेळी आलीच न्हाई बगा.

पोरानं मला व्हिडिओ दाखवला, तवा कळलं, हळदीच्या माईकवरनं सोन्यानं माझं गाणं भरून घेतलं होतं. काय सांगू तुमाला त्या व्हिडिओचं. चाकणला कुठं तरी त्या मोठ्या लोखंडी पेट्या रचल्यात, कंटेनर म्हणत्यात ते, तिथं आमचा सोन्या, गळ्यात बैलाला घालतो तसली साखळी, डोळ्याला काळा चष्मा, आन हातानं अशी बंदूक करून दाखवतो. हा सोन्या आमच्या म्हशीला भिऊन माळ्यावर चढून बसायचा, अर्धा दिवस उतरायचा न्हाई. आन तोंडानं काय, तर माझी गाडी, माझा एरिया, पोरी माझ्या मागं, मी आलो की दार उघड. आन त्याच्या संगं एक मुंबईची गाणारी, म्हणे लई मोठी पॉप सिंगर, ती माल उचलायच्या गाडीच्या पुढच्या दोन दातांवर बसल्याली, वर खाली वर खाली, अंगात कापड जेमतेम, आन माझीच ओळ अशी म्हणती की पोटात कळ आल्यागत. आह काय, ऊह काय. मी म्हणलं, हिला कुनीतरी ओवा द्या रे.

तुमाला वाटंल म्हातारीला चावट गाण्याचा राग आला. अहो चावटपणा आमी ह्यांना शिकवावा. माझी चुलती असती तर ह्या दोघांना चार ओळींत उघडं करून परत झाकलं बी असतं. ह्यांचं उघडं ते उघडंच. चावट गाण्यात काय असतं, ऐकणाऱ्यानं मनात भरायचं असतं, आन भरलं की त्याचं त्यालाच लाजायला लावायचं असतं. ह्यांनी सगळं दाखवलं आन कळलं काय, तर काय न्हाई. आयत्या बिळावर नागोबा, त्यो बी बिनविषारी. पण मला राग आला त्यो नावाचा. नाव माझ्या विहिणीचं, आन तिला बांधून ठेवून दिल्याली. जगभर. सोडवण कापून टाकल्याली.

आठ दिवसांत मंगल दारात. पाचवा महिना, हातात पिशवी, आन ओटी मोकळी. आमच्याकडं सून माहेरी निघाली, त्यातून पोटुशी, तर सासू ओटी भरल्याबिगर उंबरा ओलांडू देत न्हाई. मोकळ्या ओटीनं पाठवली म्हंजी परत ये म्हणलं न्हाई. मी म्हणलं, काय झालं, काय बोलल्या का त्या? मंगल म्हणली, न्हाई. काहीच बोलल्या न्हाईत गं. धाकटा दीर कंपनीच्या बसला जातो तिथं पोरं त्याला बघून ते गाणं लावत्यात. आत्या दूध घालायला डेअरीवर जायच्या, त्या जायच्या बंद झाल्या. रातीला दाराची कडी लावत न्हाईत आता, आवाज हुईल म्हणून, दाराला नुसता दगड लावत्यात. मला म्हणल्या, तू आईकडं जाऊन ऱ्हा. आन मंगल माझ्याकडं बघून म्हणली, आई, तुझ्या गाण्यानं माझं घर गेलं का गं?

मी दुसऱ्या दिशी सोन्याच्या बंगल्यावर गेले. ती मुंबईची पण तिथंच होती, सोफ्यावर पाय घेऊन. मला बघून उठली, मिठीच मारली, आंटी तुमचा व्हॉईस कसला रॉ आहे म्हणली. रॉ म्हंजी कच्चा, मेसमधी पोरांना इचारलं मी नंतर. चाळीस वर्सं गाते, आन हिला कच्चा लागला. सोन्या म्हणला, मावशी, खाली ट्रॅडिशनल लिवलंय, आपली संस्कृती जगात गेली, तुमी तर आनंद मानाय पायजे. मी म्हणलं, नाव काढ. त्यो म्हणला, नावावरच तर चाललंय. मी म्हणलं, मग शेवटची ओळ घाल, शेळीची. तर ती दोघं एकमेकांकडं बघून हसली. सोन्या म्हणला, मावशी, शेळी आली की सगळा व्हाईब जातो. आन माझ्या संगं फोटू काढाय लागला. गाढवाला गुळाची चव काय. मी त्याच्या दारात उभी ऱ्हाऊन एवढंच म्हणलं, सोन्या, तुला बांधता येतं असं तुला वाटतं, पण तुला गाठ बी मारता येत न्हाई, तू नुसती दोरी चोरलीस. त्येनं ते बी मोबाईलवर घेतलं, म्हणला, लाईन भारी हाय.

मग मी काय केलं, मेसला सुट्टी टाकली, पदराला हळकुंड आन साखर बांधली, आन बस धरून चाकणला गेले. एकटीच. मंगल येते म्हणली, मी म्हणलं, तू घरी बस, हे विहिणीविहिणीचं हाय. दुपारची येळ, हौसाबाई गोठ्यात. मला बघून उठल्या न्हाईत. पाणी घ्या म्हणल्या, पण आणलं न्हाई. मी खालीच बसले, शेणात. म्हणलं, विहीणबाई, मी माफी मागाय आले न्हाई, गाणं रीतीचं होतं, मी सोडवलं होतं. त्या म्हणल्या, तुमी सोडवलं, जगानं कुठं सोडवलं? मग मी म्हणलं, तुमचं उत्तर घशात ऱ्हायलंय त्या दिसापासनं. ते घ्यायला आले. इथं न्हाई, बाहेर चौकात, डेअरीपाशी, समद्या बायांच्या पुढं. माझं नाव घेऊन म्हणा. जेवढं वंगाळ येतंय तेवढं म्हणा.

हौसाबाईंनी शेळीच्या पाठीवरनं एकदा हात फिरवला. मग हात धुतले, पदर खोचला, आन निघाल्या. किती दिसांनी त्या डेअरीपातूर चालत आल्या म्हणून बाया आपोआप दाराबाहेर आल्या. आमी दोघी समोरासमोर बसलो. तिथं चार पोरं मोटारसायकलीवर होती, त्यांना एका म्हातारीनं सांगितलं, जा रे, न्हाईतर तुमची बी नावं येतील, ती पळाली. आन हौसाबाईंनी घसा साफ केला.

काय म्हणलं ते इचारू नका. मला वाटत होतं शिस्तीची बाई, काय म्हणंल. अहो, तिनं मला अशी बांधली, माझ्या भाकरीपासनं माझ्या मालकाच्या सायकलीपातूर काय ठेवलं न्हाई, मेलेल्या माणसाला बी हसू आलं असंल. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. माझे कान तापले, ह्या वयात. आन मी वाट बघाय लागले, आता सोडवण. तर हौसाबाई उठल्या आन लुगडं झटकाय लागल्या. मी म्हणलं, अहो विहीणबाई, सोडवण? त्या म्हणल्या, ती बारशाला. तवर ऱ्हावा अशाच. मी ऱ्हायले की एवढे दिस, मरते का काय. आन मग मला घरी नेलं, च्या केला, साखर जास्त घातली, आन म्हणल्या, मंगलला लावून द्या, ओटी भरायची ऱ्हायलीया.

आता मंगल आठव्यात हाय, बाळंतपणाला आल्याली, आत झोपलीया, भरल्या ओटीनं आली. चाकणच्या त्या गल्लीत आता माझ्यावरचं गाणं चालतं, बाया भांडी घासताना म्हणत्यात, मंगल सांगती. हौसाबाई डेअरीवर जात्यात. दगड बाजूला ठेवलाय, कडी लावत्यात. बसवरच्या पोरांचं म्हणाल तर त्यांना नवं गाणं आलं, तसलंच, दुसऱ्या कुणाचं तरी. सोन्याचं कोण लावत बी न्हाई आता. एवढी आग लावली आन उजेड तीन महिन्यांचा. ती मुंबईची पण दुसऱ्या कुठल्या किंगच्या संगं कुठल्या तरी दुसऱ्या गाडीवर वर खाली बसली असंल, बसू दे बापडी, पडली न्हाई म्हंजी झालं.

परवा सोन्या आला. त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणला, मावशी, विहीणबाईंनी लई भारी म्हणलं म्हणे, कुनी रेकॉर्ड केलं का? मी म्हणलं, केलंय की. गल्लीतल्या समद्या बायांनी केलंय. जा, एकेकीच्या दारात जाऊन मागून बघ. त्यो निघाला तवा मी म्हणलं, लेकरा, सुखी ऱ्हा, पण माझ्या नातवंडाच्या बारशाला तुझा साऊंड नको.

तुमी लिवून घेताय ते घ्या. माझं नाव खरं घाला, मथुराच घाला, मी बांधल्याली बाई हाय, मला काय लाज. तिचं मातर हौसाच ठेवा. आन माझं गाणं छापणार असाल तर शेळी घातल्याबिगर छापू नका.