तीन नंबरची पार्टिशन

आम्ही आंबिवलीकडचे, आगरी. माझी आई धवलारीण, म्हणजे आमच्यात लग्नाला धवला गातात ना, ती गाणी गाणारी, तिच्याशिवाय आसपासच्या गावांत हळद लागायची नाय. आणि तिची मुलगी मी, कल्याणला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकून बसलेली, काय सांगू तुम्हाला, लोक येतात आणि विचारतात, ताई, शेठ कुठंयत? मी सांगते, शेठच बोलतेय, बोला. बसते कसली, एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाय, आता पण बघा ना, तुमच्याशी बोलतेय आणि हातात स्क्रू फिरवतेय.

तर वहिनीचं सांगत होते. माझा दादा वारला, त्याची बायको ती. तिच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि आईला लकवा झाल्यापासून बोलताच येत नाय, मग धवला कोण गाणार? वहिनी कॉम्प्युटर घेऊन आली, बोलली, यांनी आईंची सगळी गाणी रेकॉर्ड करून ह्यात ठेवलेली, पण हा चालूच होत नाय, तू फॉरमॅट मारून दे, मग गाणी काढू. आमच्याकडे हे असंच आहे बघा, फॉरमॅट मारणं म्हणजे लोकांना वाटतं गाडी धुवून आणली. अहो, फॉरमॅट म्हणजे घर रिकामं करणं, सामानासकट.

मी बोलले, आधी बघते तरी. विंडोजचा सेटअप लावला, तो विचारतो, कुठल्या पार्टिशनवर टाकू. पार्टिशन म्हणजे डिस्कचे हिस्से, घरातल्या खोल्या समजा, पण तिथे सी, डी असं काय लिहिलेलं नसतं, नुसते नंबर. तीन नंबरची सगळ्यात मोठी, आणि जेवढी जागा तेवढीच रिकामी दाखवत होती. वहिनी खांद्यावरून बघत बोलली, ही रिकामीच आहे, हिच्यावर टाक ना. मी बोलले, थांब, हात नको लावू. कारण साधी रिकामी पार्टिशन पण थोडी जागा स्वतःसाठी खाते, इतकी कोरी नसते. म्हणजे एक तर ती कधी वापरलीच नाय, नाहीतर विंडोजला ती वाचता येत नाय. आणि दादा शेवटी शेवटी लिनक्स शिकत होता, विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, तिची फाईली मांडायची पद्धतच वेगळी, विंडोजला ती कळत नाय, कळलं नाय की तो सरळ सांगतो, फॉरमॅट करा. मी विचारलं, वहिनी, बंद पडायच्या आधी असं काय विचारत होता का? बोलली, हो, सारखा विचारायचा. मग तू काय दाबलंस? बोलली, आठवत नाय गं.

मी उठले, बाहेर गेले, परत आले, चहा मागवला तो प्यायलेच नाय. आईचा आवाज एकदा गेलेला, आता दुसऱ्यांदा जातो की काय, एवढंच डोक्यात. मग लिनक्सचा पेनड्राईव्ह लावला, त्याच्यावरून मशीन चालू केली आणि तीन नंबर उघडली. सगळं होतं. वहिनीने फॉरमॅट दाबलं नव्हतं.

पहिलं गाणं लावलं, तर गाण्याच्या आधी दादाचा आवाज, आये, जरा थांब, कुकर वाजतोय, परत घे. वहिनी खालीच बसली. खूप रडली, मी पण रडले. मग मी बोलले, लग्नासाठी दादाचं एवढं बोलणं कापून देते. ती बोलली, काप, पण फेकू नको, त्याला वेगळी पार्टिशन कर, उद्या कोण विंडोज टाकायला बसलं तरी यांचं जायला नको. खरं तर फोल्डर पुरला असता, आणि डिस्कच गेली तर पार्टिशन काय वाचवणार, म्हणून एक कॉपी मी माझ्याकडे ठेवली ती वेगळी. पण पार्टिशन केली. नाव काय देऊ विचारलं, तर बोलली, यांचं नाव मी कसं घेऊ, तूच टाक. मी टाकलं, दादा.

लग्न झालं, धवला वाजला, आई खुर्चीत बसून ओठ हलवत होती. पण माझा जीव थाऱ्यावर नाय, वहिनीचा फोन आला की आजही धस्स होतं. डिस्क जुनी झालीय, बदलूया बोलते तर ऐकत नाय, बोलते, यांनी हाताने बसवलेली आहे. पोरगी सुखात नांदो, आणि देवाने माणसाला आयुष्य दिलं नाय, त्या डिस्कला तरी देवो.