झाकणावरचं ड्रायव्हिंग

गाडीच्या परवान्याच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून होत्या. सासूबाईंच्या हातात पातेल्याचं झाकण होतं.

"आई, ते झाकण पिशवीत टाका ना. लोक बघतायत."

"बघू देत. शिकलेलं घरी कुणाला तरी शिकवा, असं तुझ्या ड्रायव्हिंगच्या मास्तरांनीच सांगितलंय. तू मला शिकवलंस, ते या झाकणाचं स्टिअरिंग करून. सांग, चढावर गाडी मागे घसरली तर?"

"क्लच... नाही, ब्रेक... आई, काहीच आठवत नाहीये! आज पुन्हा नापास झाले तर हे गाडी विकून टाकणार आहेत."

"सोपं आहे. हॉर्न वाजवायचा."

"परत हॉर्न?"

"घसरतोय, हे मागच्याला सांगायला नको?"

"अहो, आधी हँडब्रेक! मग क्लच अर्धा सोडायचा, मग ॲक्सिलरेटर! कितीदा सांगू तुम्हाला?"

"बघ, आठवलं की नाही?"

तेवढ्यात सुनेला हाक आली. सासूबाई झाकण छातीशी धरून बसल्या. सून परतली ती हसतच.

"पास! चढावर तुमचा हॉर्न आठवला आणि मी तुमच्यावर ओरडले, 'हॉर्न नाही, आधी हँडब्रेक!'"

"मनातल्या मनात ना गं?"

"छे, मोठ्याने. शेजारी बसलेले साहेब दचकून म्हणाले, 'मी कुठे वाजवतोय, बाई?'"