दुधात पळणारे रंग

तुम्हाला आमच्या आईचं सांगायचं राहिलंच! मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली, तरी ती तो डोळा काही उघडेना. "उघडला आणि दिसलंच नाही तर?" एवढंच म्हणायची. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्याने सगळं धुरकट, पिवळटच दिसायचं. जामबागच्या घरी सगळ्यांनी समजावलं, पण ती "नक्को" म्हणून मान फिरवायची.

त्या सकाळी माझी लेक मनू ओट्यापाशी शाळेचा प्रयोग करत होती. आई जवळच खुर्चीवर बसलेली. मनूने ताटलीत दूध घेतलं, त्यात खायच्या रंगांचे थेंब टाकले आणि मधोमध भांड्यांच्या साबणाचा एक थेंब सोडला. सगळे रंग एकदम कडेला धावले, एकमेकांभोवती वळसे घेऊ लागले. मनू ओरडली, "आज्जी, रंग पळायलेत!"

आईने न राहवून डोळा उघडला. कितीतरी वेळ ती ताटलीकडे बघतच राहिली.

"हा कोणता रंग गं?" तिने हळूच विचारलं.

"निळा, आज्जी."

आईने आपला पदर उचलून ताटलीशेजारी धरला.

"अगं बाई," ती म्हणाली, "आणि मी ही साडी इतकी वर्षं हिरवी म्हणून नेसतेय!"