हिरवा पट्टा

हर्षल: हात नको लावू, ग्रीस आहे. इकडून बघ. ही प्लेन, ही खाचावाली, ही भोकंवाली. सांग आता, कुठली ब्रेक डिस्क टाकू?

सायली: तीन-तीन जोड्या आणल्यास?

हर्षल: मित्राच्या दुकानातून. दोन परत देणारे. तू निवडायची म्हणून थांबलोय, नाहीतर कालच टाकली असती.

सायली: गाडी तुझी. मी काय निवडू?

हर्षल: डावी सीट कोणाची? मी नुसतं स्टिअरिंग फिरवतो. वहीतून रस्ता तर तूच वाचतेस, पुढचं वळण कसं येणार ते.

सायली: मग ही भोकंवाली. भारी दिसतेय. पुरणाच्या चाळणीसारखी.

हर्षल: वाटलंच होतं. सगळ्यांना हीच आवडते. कॉलेज रोडला चक्कर मारायला बेस्ट आहे. पण आपण मातीत पळवतो ना. भोकांत खडे अडकून बसतात. आणि लय तापली की भोकाच्या कडेपासून बारीक तडा निघतो.

सायली: मग आणलीस कशाला?

हर्षल: तुला नाकारायला. तुझ्या आईचीच ट्रिक आहे. गिऱ्हाइकाला आधी नको ती पैठणी दाखवायची, मग बरोबर ती.

सायली: आईला सांगते हां.

हर्षल: सांग. त्यांना माहितीये त्या करतात ते. बरं, ही खाचावाली बघ. पॅड घासला की गॅस होतो, धूळ होते. ती या खाचांतून बाहेर फेकली जाते. पॅड जरा लवकर संपतो, संपू दे. आणि साईज बघ, जुनीपेक्षा बोटभर मोठी आहे. जेवढं लोखंड जास्त तेवढी उष्णता जिरते. याच्याहून मोठी पण होती, पण ती आपल्या चाकात बसत नाही. ही टाकली ना सायू, की पुन्हा ब्रेक जाणार नाहीत. कधीच.

सायली: हं.

हर्षल: काय हं?

सायली: काही नाही. पुन्हा म्हणालास ना, म्हणून.

हर्षल: हात कसाय?

सायली: मूठ अर्धी वळते. ही दोन बोटं अजून झोपलेलीच आहेत. डॉक्टर म्हणतात, जेवढं येणार होतं तेवढं आलं.

हर्षल: आणि मागावर बसतेस?

सायली: बसते. पण मोर आईच करते आता. मला मधला साधा भाग दिलाय. परवा एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं मागच्या वर्षीचा मोर जिने केला तीच हवी. आई म्हणाली, ती गावाला गेलीये. मी तिथेच बसले होते, समोर. चेहरा पाडू नकोस. मी रडायला नाही आले.

हर्षल: मग कशाला आलीस? म्हणजे, रविवारपर्यंत रॅलीला नावं द्यायचीत. मी विचारत नव्हतो, तुला वाटेल घाई करतोय. पण तुझं नाव टाकू का?

सायली: तेच सांगायला आले. टाक.

हर्षल: खरंच?

सायली: बाबा पण हो म्हणाले. म्हणाले, घोड्यावरून पडलेल्याने घोड्यावरच बसायचं असतं. बाबा आयुष्यात घोड्याजवळ गेले नाहीत.

हर्षल: थांब, मला जरा बसू दे.

सायली: बस. पण माझं एक ऐकून घे. मला ब्रेकची भीती नाहीये. मला माझी भीती वाटते. मी परत उशिरा वाचलं तर?

हर्षल: सोड ना ते आता.

सायली: सोडून कसं चालेल? डोक्याला मार लागल्यापासून तेवढा तुकडाच नाहीये माझ्याकडे. सुरुवातीचा झेंडा आठवतो, आणि एकदम ॲम्ब्युलन्सचं छत. मधलं तू सांगितलंस तेवढंच. तूच म्हणालास ना, ब्रेक गेले, आणि मला वाचायला जरा उशीर झाला असेल.

हर्षल: असेल म्हणालो. झालाच असं नाही. मेन ब्रेकच होते.

सायली: मी रोज सराव करते. आई माग चालवते आणि मी वहीतली त्या वळणाची ओळ वाचते. पन्नास, उजवं तीन, आवळत जातं, बाहेर मोरी, जपून. पन्नास, उजवं तीन, आवळत जातं, बाहेर मोरी, जपून. आई म्हणते, यापेक्षा सत्यनारायणाची पोथी तरी वाच, प्रसाद मिळेल.

हर्षल: सायू, तू कशाला हे...

सायली: कारण मला वेळेत वाचायचंय. बरं, रंग आहे का? ते तीन रंग. नव्या डिस्कला पण पट्टे मीच मारणार.

हर्षल: राहू दे, मी मारतो.

सायली: तुझे पट्टे म्हणजे सापाने कात टाकल्यासारखे. उजवा हात धडधाकट आहे माझा. मागच्या वेळी पण मीच मारले होते, रॅलीच्या आदल्या दिवशी. हिरवा, नारिंगी, लाल. तू मागून म्हणत होतास, कडेवर एकदम बारीक ओढ, पदराचा काठ समज.

हर्षल: हो, पण या वेळी नको पट्टे. गरजच नाहीये.

सायली: असं कसं? तूच शिकवलंस की. डिस्क तापली की आधी हिरवा पांढरा होतो. आणखी तापली की नारिंगी पिवळा, आणि पार भाजली की लाल जातो. गार झाल्यावर पण परत येत नाही. त्याशिवाय कळणार कसं, नवी डिस्क किती तापते ते?

हर्षल: कळतं मला चालवताना.

सायली: जुनी दे ना इकडे. पट्टे कुठून सुरू केले होते ते बघते, तसेच यावर ओढते.

हर्षल: भंगारात गेल्या.

सायली: मग त्या टायरच्या मागे काय आहे?

हर्षल: कुठे?

सायली: ते काय, पोत्याखाली. सरक जरा.

हर्षल: जड आहे. एका हाताने नको उचलू. सायली, ठेव ती.

सायली: जिने माझा हात मोडला तिला बघू तरी दे. किती गंजलीये. कापड आहे का कोरडं? राहू दे, ओढणीनेच पुसते.

हर्षल: पट्टे दिसायचे नाहीत आता. सहा महिने झाले.

सायली: दिसतायत की. हर्षल, हा हिरवा आहे.

हर्षल: उजेड कमी आहे इथे.

सायली: हा हिरवा आहे. नारिंगी नारिंगी आहे. लाल लाल. मी ओढले होते तसेच आहेत. इथे माझा हात हलला होता, ते पण आहे.

हर्षल: रंग खराब असेल. जुना डबा होता.

सायली: माझ्यासमोर झाकण फोडलंस डब्याचं.

हर्षल: मग ऑईल उकळलं असेल. ऑईल उकळलं की पेडल खाली जातं, डिस्कचा काही संबंध नसतो.

सायली: डिस्क गार आणि ऑईल उकळलं? आग काय बाहेरून लावली होती त्याला? आणि आपण किती आत गेलो होतो? पहिलीच स्टेज. दुसरा किलोमीटर. एवढ्यात काय तापणार होतं? मला कधी सुचलंच नाही हे. मी फक्त माझीच वेळ मोजत बसले.

हर्षल: खाली ठेव ना ती.

सायली: मला एकच सांग. मी वाचलं होतं का?

हर्षल: सायू.

सायली: वाचलं होतं का वेळेत?

हर्षल: वाचलं होतंस.

सायली: जपून म्हणाले होते?

हर्षल: दोनदा.

सायली: मग?

हर्षल: त्याच्या आधीच्या दोन वळणांना पण म्हणाली होतीस. तिथे काहीच नव्हतं, आरामात निघालो. पुढची गाडी आपल्याहून फास्ट गेली होती. मला वाटलं...

सायली: बोल की.

हर्षल: मला वाटलं वहीत तू घाबरूनच 'जपून' लिहिलंयस. म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय नाही उचलला. जेव्हा उचलला तेव्हा मोरीचा कठडा समोर होता. ब्रेक लागले गं. लागलेच होते. रस्ता संपला होता.

सायली: मी विचारलं होतं तुला. हॉस्पिटलमध्ये. तोंड सुजलेलं होतं, नीट बोलता पण येत नव्हतं, तरी पहिलं तेच विचारलं. माझं चुकलं का?

हर्षल: आठवतंय.

सायली: तू म्हणालास, जरा उशीर झाला असेल.

हर्षल: तुझे बाबा बाहेर बाकावर होते. मी त्यांच्या पाया पडायला गेलो, तर त्यांनीच मला जवळ घेतलं. म्हणाले, यंत्र आहे, त्याचा काय भरोसा, तू मनाला लावून घेऊ नको. मी काहीच बोललो नव्हतो तोपर्यंत. कोणीतरी आधीच सांगितलं होतं त्यांना, ब्रेक गेले म्हणून. मी फक्त नाही म्हणालो नाही. मग रोज थोडं थोडं बोलत गेलो. मलाच खरं वाटायला लागलं.

सायली: म्हणून या तीन जोड्या.

हर्षल: मला वाटलं, नव्या टाकल्या की होऊन जाईल खरं. जुन्याच खराब होत्या असं होईल.

सायली: होऊन जाईल खरं.

हर्षल: तू म्हणशील ते करतो. गाडी विकतो. परत हात लावत नाही गाडीला.

सायली: गाडीने काय केलंय? ब्रेक गेले असते ना हर्षल, तर मी बसले असते परत. आत्ताच हो म्हणाले की तुला. हाताचं पण मी सोडून दिलं होतं. तू रात्र रात्र उशाशी बसायचास, मी आईला म्हणायचे, बघ, असा मुलगा मिळतो का कोणाला.

हर्षल: ते खोटं नव्हतं.

सायली: माहितीये. तेच तर.

हर्षल: दिवाळीनंतरचं, आपलं लग्न, घरच्यांनी जे...

सायली: मी शेजारी बसून ओरडून सांगते जपून, आणि तुला वाटतं घाबरते. मग घरात काय सांगू तुला?

(सायलीचा फोन वाजतो. ती तो स्पीकरवर टाकून बाकावर ठेवते.)

बाबा: सायले, झालं का गं गाडीचं? कितीची बस धरते?

सायली: निघतेच आहे, बाबा.

बाबा: हर्षलला म्हणावं, ब्रेक लय भारी टाक. कसर करू नको. आणि त्यालाबी घेऊन ये रविवारी. तुझ्या आईनं मांडे करायचं काढलंय. पोरगं पार वाळून गेलंय उगाच, त्याची काय चूक हाय त्याच्यात.

सायली: बाबा, ब्रेकला काही झालेलं नव्हतं.

बाबा: कशाला?

सायली: ब्रेकला. डिस्कच्या कडेला रंग लावलेला असतो, तापली की बदलतो. तो बदललाच नाहीये. डिस्क तापलीच नव्हती.

बाबा: मला नाय कळत ते. सोपं करून सांग.

सायली: मी वाचलं होतं, बाबा. वेळेत. दोनदा.

बाबा: हर्षल हाय का तिथं?

सायली: समोरच आहे. ऐकतोय.

बाबा: हर्षल.

हर्षल: काका.

बाबा: ही म्हणते ते खरं हाय?

हर्षल: हो, काका.

बाबा: बरं.

हर्षल: काका, मी येतो येवल्याला. आजच येतो, तुमच्यासमोर बसून सगळं...

बाबा: तिची बस चुकंल.

हर्षल: मी सोडतो ना स्टँडवर. आत्ता, दहा मिनिटांत सोडतो.

बाबा: नको. तिला एक रिक्षा बघून दे.