कोळशाचं तिकीट

अवघडलेल्या सुनेला दारापाशी टेकवून सासूबाई आधी डब्यात शिरल्या. दवाखान्याच्या गावाला जाणारी गाडी दिवसाला एकच. पाहतात तर बाकाबाकांवर कोळशाची पोती बसलेली, आणि गार्डाची नि खाणीच्या मुकादमाची जुंपलेली.

“तुमची मालगाडी कुठं गेली?”

“बंद केली. नवा कायदा आलाय ना! सरकारी पैशानं घातलेल्या रुळांवरून कोळशाची मालगाडी न्यायची नाही, फक्त प्रवासी न्यायचे.”

“मग हा काय, कापूस आहे?”

“हे प्रवासी आहेत. एकेकाचं तिकीट काढलंय.”

“पोती प्रवासी?”

“प्रवाशाला हातपाय हवेत, असं कायद्यात कुठं लिहिलंय? दाखवा!”

“स्टेशनमास्तर साहेबांना विचारलंत का?”

“त्यांनीच तर सुचवलं. खिडकीजवळच्या जागाही त्यांनीच दिल्या.”

सासूबाईंनी सुनेला आत ओढलं आणि जवळच्या पोत्याला हात घातला.

“अहो आजी, त्याला उठवू नका! तिकीट आहे त्याच्याकडं,” मुकादम ओरडला.

“आम्ही काय फुकट आलोय? हिला नववा लागलाय, सकाळपासून कळा येतायत.”

“तरी नियम तो नियम. आधी आला तो बसला.”

“बसू दे बापड्याला. सूनबाई, तू त्याच्या मांडीवर बस.”

“अहो आई, काहीतरीच काय!”

“बस म्हणते ना!”

“आजी, असं चालत नाही. त्या प्रवाशाची हरकत असली तर?”

“मग विचारा की त्याला. तो स्वतःच्या तोंडानं ‘नाही’ म्हणाला, तर सुनेला घेऊन उतरते मी.”