केशराची अर्धी डबी

(रत्नागिरीजवळच्या एका गावातलं स्वयंपाकघर. सासू चंपा, सून दीक्षा. दीक्षाला पाचवा महिना.)

दीक्षा : डबी अर्धी रिकामी आहे, आई. माझ्या दुधात तर अजून एक काडी पडली नाही.

चंपा : मी खाल्लं. जा, दे मला पोलिसात.

दीक्षा : तुम्ही? कधीपासून?

चंपा : महिना झाला. रोज सकाळी कपभर दूध नि दोन काड्या. सासूनं केशर खाऊ नये असं कुठं लिवलंय काय? तुझ्यासारखी पंधरावी नाय झाले, पण जीभ मलापण हाय.

दीक्षा : चेष्टा नको. मी त्यातलं थोडं माझ्या मैत्रिणीला, निशिगंधाला दिलं होतं, तिच्या प्रयोगशाळेत तपासायला. आज तिचा फोन आला.

चंपा : माज्या केशराची चौकशी लावलीस? पाठीमागे? लांज्याच्या स्टँडवर केशर विकणाऱ्या बाईशी तासभर हुज्जत घालून घेतलंय ते! त्यात लोह असतं, रक्त वाढतं, बोलली ती.

दीक्षा : असतं, पण दोन काड्यांत कितीसं येणार? तुमच्या नाचणीच्या भाकरीत त्याहून जास्त. ह्यात शिसं निघालंय, आई. चालतं त्याच्या कितीतरी वर.

चंपा : शिसं? मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते?

दीक्षा : तेच. कुणी रंगासाठी भेसळ करतं, कधी मातीतूनही येतं. पोटातल्या बाळाला फार वाईट.

चंपा : खरं सांग. तू चोरून घेतलंस काय? एक काडी तरी?

दीक्षा : नाही.

चंपा : माज्या गळ्याची शपथ?

दीक्षा : शपथ. पण तुम्ही का खाल्लंत? तुम्हाला तर दुधाचा वासही नको असतो. चहासुद्धा कोरा पिता.

चंपा : रानातली अळंबी आणली की माजी सासू पहिली खायची. दुसऱ्या दिवशी धडधाकट उठली, की मग आमच्या ताटात. म्हटलं, महिनाभर मी घेते. काय झालं नाय, तर तुला देते.

दीक्षा : एवढं कशाला?

चंपा : मागल्या खेपेला मी काढा दिलेला तुला. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

दीक्षा : त्या काढ्यानं काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं.

चंपा : डॉक्टरनं सांगितलान. माज्या मनानं ऐकलान नाय.

दीक्षा : दोन वर्षं हे धरून बसलात? मला वाटायचं, माझ्यावरच राग आहे तुमचा.

चंपा : तोंडच असं हाय माजं, त्याला काय करू? नि बघ, मला काय झालंय? पोफळीवर चढ म्हण, चढते!

दीक्षा : शिसं अळंबीसारखं रातोरात कळत नाही. हाडांत जाऊन गुपचूप बसतं. उद्या दवाखान्यात जाऊन तुमचं रक्त तपासायचं.

चंपा : बसू दे. ही हाडं झिजलेलीच हायत.

दीक्षा : आणि बाळाला आंघोळ कोण घालणार? मला भीती वाटते.

चंपा : तुला भाकरी थापता येत नाय, तू काय बाळ न्हाऊ घालणार!

दीक्षा : म्हणून तर म्हणते, चला.

चंपा : माज्या राजेंद्रला कळवू नको. मुंबईत जीव टांगणीला लागेल त्याचा.

दीक्षा : नाही कळवत. आठच्या एसटीनं निघू.

चंपा : बरं. दीक्षा...

दीक्षा : काय?

चंपा : सुई टोचताना तू जवळ उभी राशील ना गो?