गुलाबाचा चोथा

मला चहा सांगू नका, मी घरून करून पिऊनच आलोय. हसताय काय, जमतो आता. ही गेल्यावर पहिल्यांदा गॅससमोर उभा राहिलो तवा पत्तीचा डबासुद्धा सापडत नव्हता. पण एक पक्कं ठाऊक होतं, चहा गाळला की चोथा तिच्या गुलाबाला जायचा. तेवढं मी नेमानं केलं. दोन येळा चहा, दोन येळा चोथा. एक दिवस चुकवला नाय.

दोन महिन्यांत गुलाब वाळला. कुंडी उकरली तर आत नुसत्या मुंग्या, मुळं पार पोखरलेली.

शेजारच्या रझियाआपांना दाखवली. त्या म्हणाल्या, "भाईसाब, चोथा धुऊन टाकत होते ना?"

म्हटलं, "फेकायचा चोथा कोण धुतं?"

"भाभी धुवायच्या की! गाळणी नळाखाली धरून, तीन पाण्यांनी. म्हणायच्या, साखर राहिली की मुंग्या लागतात."

छत्तीस वर्षं, राव. चिकलठाण्याच्या कारखान्यात शिफ्टला निघायच्या घाईत मी बाहेरच्या खोलीत बसून चहा प्यायचो. आतून पाण्याचा आवाज यायचा. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, म्हणून वर तिच्यावरच खेकसायचो, "टाकी रिकामी करती का काय?" ती नळ जरा बारीक करायची.

आता मी चोथा तीन पाण्यांनी धुतो. साखरेचा कण ठेवत नाय. मग गाळणी घेऊन अंगणात जातो, अन् तिथं गेल्यावर आठवतं, कुंडी रिकामी हाय.